वन्संचे खडे

ज्या हिवाळ्यात आमच्या वन्सं इंग्लंडहून बेलापूरला ऑपरेशन करून घ्यायला आल्या, त्याच हिवाळ्यात आमच्या भागातले एक पुढारी हृदयाचं ऑपरेशन करून घ्यायला इंग्लंडला गेले होते. ते परत आले तेव्हा वेशीपासून त्यांची उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, फटाके वाजले, शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. आमच्या वन्सं श्रीरामपूरहून टेम्पोनं आल्या. दोन बॅगा, एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा. दारात पाय टाकायच्या आत शेजारणीनं विचारलं, "अगं बया, लोकं इलाजाला विलायतेला जात्यात, अन तू तिकडनं हिकडं आली? तिथले डॉक्टर संपले काय?"

वन्सं हसून म्हणाल्या, "संपले न्हाईत. नंबर लावून बसवलंय त्यांनी मला."

नव्वद सालानंतरची पहिली दोनतीन वर्षं असतील. गावात फोन मोजक्या घरी, आमच्याकडे नव्हता. हे सगळं मला आता लिहावंसं वाटतं, कारण अजूनही कुणी परदेशात उपचाराला गेलं-आलं म्हटलं की माझा तो जुना राग परत वर येतो. राग कुणाचा, ते लिहिता लिहिता कळलं तर बघू.

वन्सं म्हणजे आमच्या यांची धाकटी बहीण. विशीत लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर इंग्लंडला गेली. नवरा तिथं लोखंडाच्या भट्टीत कामाला. तो वारला, मुलीचं लग्न झालं, आणि या तिथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायला, भांडी उचलायला जायच्या. पण बोली अजून बेलापूरचीच. आमची मुलं पुण्यात शिकून "आहे", "नाही" बोलायला लागली होती, आणि तीस वर्षं इंग्लंडात राहिलेल्या वन्सं "हाय", "न्हाई", "गेल्ते", "हुतं" असंच बोलायच्या. तिथं मराठी बोलायला कुणी नव्हतं, मग ती बदलणार तरी कशी? कपाटात घडी घालून ठेवल्यासारखी होती तशी राहिली.

त्यांना पित्ताशयात खडे झाले होते. दुखायला लागलं की उजव्या कुशीत, बरगडीखाली असं काही उसळायचं की बाई भिंतीला धरून उभी राहायची. घामानं पोलकं भिजायचं. तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, पैसे लागणार नाहीत म्हणाले, पण थांबावं लागेल. किती? तर वर्ष, दीड वर्ष. जीवाला धोका नाही म्हणून त्यांचा नंबर मागं. पुढाऱ्यांनी पैसे मोजून पुढचा नंबर घेतला असेल, वन्संना ते जमणारं नव्हतं.

पण नुसतं तेवढंच कारण नव्हतं. ते मला आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी कळलं. आम्ही दोघी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "वन्सं, खरं सांगा. नुसत्या नंबरसाठी एवढ्या लांब आलात?"

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाल्या, "वहिनी, पोरगी झाली तवा माझं पोट फाडलं हुतं. भूल उतरायला लागली तवा मी पानी पानी करत हुते. मराठीत. त्या नर्शीला वाटलं मी भ्रमिष्ट झाली. तिनं दुसरीला बोलावलं, त्या दोघी माझं हात धरून उभ्या. मला बोलता येईना अन त्यांना समजंना. मला पानी पायजे हुतं, एवढंच. अजून त्याची आठवन झाली की घसा कोरडा पडतो माझा."

"इथं मी असेन ना," मी म्हटलं. "लगेच पाणी द्यायचं नसतं, पण ओला कापूस ओठाला लावता येतो. ते काम माझं."

"तुमीच लावायचा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुनाला देऊ नका."

झालं. हे आमचं ठरलं. त्यांची रजा सात आठवड्यांची होती, त्यातला पहिला आठवडा भेटायला येणाऱ्यांना चहा करण्यातच गेला.

आता यांच्याविषयी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचे हे तहसील कचेरीत रेकॉर्ड रूमला होते, पस्तीस वर्षं. गठ्ठेच्या गठ्ठे वाळवीनं खाल्लेले त्यांनी पाहिलेले. कुणाची जमीन, कुणाचं वारसपत्र, हात लावला की भुगा. लोक समोर उभे राहून रडायचे आणि हे भुग्याकडे बघत बसायचे. त्यातून त्यांच्या मनानं एक घेतलं होतं, की कागद वाचला तर माणूस वाचला. श्रीरामपूरला कोर्टासमोर लॅमिनेशनचं मशीन आलं आणि यांना जणू स्वर्गच मिळाला. घरातला एकेक कागद गरम प्लॅस्टिकात बसू लागला. माझा सातवी पासचा दाखला, मुलांच्या मार्कशीटा, विजेचं पहिलं बिल. एकदा तर रेशनकार्ड लॅमिनेशन करून आणलं. रेशन दुकानदारानं पेन टेकवून बघितलं, ते घसरलं. "काकू, आता नोंद कुठं करू? काचेवर?" पुढं चार महिने मी कचेरीत खेटे घातले नवीन कार्डासाठी. त्या दिवशी मी यांना म्हटलं होतं, एक दिवस माझ्यावरून पण फिरवून आणा ते मशीन. हसले. माणूस वाईट नाही हो. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं नगरला सर्जनकडे गेलो. एसटीनं. देवळाली प्रवराच्या पुढं उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, एक तर उलटलेला, त्यात दीड तास गेला. वन्संनी तो बिस्किटांचा डबा मांडीवर धरलेला होता. मला वाटलं डॉक्टरांना भेट आणली असेल.

सर्जन चांगला होता. मोठ्या आवाजाचा, तोडून बोलणारा. सोनोग्राफी बघितली, पोट दाबलं, म्हणाला, "काढून टाकू. आठ दिवस दवाखान्यात, पुढं तीन आठवडे घरी. विमानात लगेच बसायचं नाही, जड उचलायचं नाही. काही विचारायचं?"

वन्संना विचारायचंच होतं. त्यांनी विचारलं, "सुई नवी वापरता का तीच उकळून?"

डॉक्टर म्हणाला, "डिस्पोझेबल."

"रक्त लागलं तर?"

"नातेवाइकांचं घेऊ. तपासून."

"तो रोग तपासतात का त्यात?"

त्या काळी त्या रोगाचं नाव कुणी मोठ्यानं घ्यायचं नाही. डॉक्टर म्हणाला, "तपासतात."

मग वन्संनी डबा उघडला. आत बिस्किटं नव्हतीच. बारा सुया, सहा सिरिंजा, हातमोज्यांची दोन पाकिटं, सगळं सीलबंद. मुलीनं बांधून दिलं होतं. मी शरमेनं पदर तोंडाला लावला. डॉक्टरनं डब्यात बघितलं, आमच्याकडे बघितलं. "बाई, चाकू राहिला का घरी?"

"रागवू नका, सायेब," वन्सं म्हणाल्या. "भरवसा न्हाई म्हनून न्हाई आनलं. भ्या वाटतं म्हनून आनलंय. मागं काय झालं तर तिथले डॉक्टर म्हंत्याल, जिथं केलं तिथं जा. अन तुमी म्हनाल, बाई तर गेली परत. मंग मी कुनाकडं जायाचं?"

यावर डॉक्टर एकदम गंभीर झाला. खुर्ची पुढं ओढून बसला, काय काय होऊ शकतं, टाके कधी काढायचे, तिकडच्या डॉक्टरला काय लिहून देणार, सगळं नीट सांगितलं. मला तिथंच वाटलं की आता निभावलं. त्यानं गुरुवार दिला. त्याआधी बुधवारी हृदयाच्या डॉक्टरकडून फिटनेसची चिठ्ठी घ्यायची, म्हणजे कार्डिओग्राम वगैरे.

घरी आलो तर थोरल्या जाऊबाई ओसरीवर. गुरुवार ऐकल्याबरोबर बोटं मोजायला लागल्या. "गुरवारी अमुशा हाय."

मी म्हटलं, "जाऊबाई, आपण हे सोडलंय ना? मामंजींनी धर्म बदलला तेव्हा सगळे देव टोपलीत भरून प्रवरेला दिले. तुम्हीच तर टोपली धरलीवती."

"व्हय, मीच धरलीवती," जाऊबाई म्हणाल्या. "मी कुठं मानती? मी न्हाईच मानत. पन तिचं पोट फाडायचंय, माझं न्हाई. उगं कशाला? चार दिसानं काय बिघडतंय?"

यांनी बहिणीकडे बघितलंच नाही. "सोमवार करू," म्हणाले. "आपण मानत नाही. पण सगळ्यांचं मन निर्धास्त पाहिजे." शेजारच्या गल्लीतल्या फोनवरून सर्जनला सांगितलं. गुरुवारचा सोमवार झाला, बुधवारचा शनिवार.

चार दिवसांनी काय बिघडतंय ते आता ऐका.

गुरुवारी आपल्याला काही काम नाही म्हटल्यावर हे वन्संची फाइल चाळत बसले. वन्संनी तिकडून आणलेले सगळे कागद त्यात होते. सोनोग्राफी, रक्ताचे अहवाल, आणि कार्डिओग्रामच्या तीनचार लांब पट्ट्या, दहा वर्षांपूर्वीपासूनच्या. घड्या पडून पट्ट्या चुरगळल्या होत्या. यांच्या डोळ्यांना ते बघवेना. मला म्हणाले, "श्रीरामपूरला जाऊन येतो, बी-बियाणं बघायचंय." मी म्हटलं या.

संध्याकाळी आले ते गप्प. जेवले नाहीत नीट. मी विचारलं बरं नाही का, तर म्हणाले पित्त झालंय. मी मनात म्हटलं, घरात एकीला पित्ताचे खडे, आता यांना पित्त.

शनिवारी हृदयाच्या डॉक्टरनं वन्संचा कार्डिओग्राम काढला. पट्टी हातात धरून बराच वेळ बघत राहिला. तरुण डॉक्टर, चष्मा, हळू बोलणारा. म्हणाला, "हृदयात जी वीज वाहते ना, तिच्या एका तारेत अडथळा दिसतोय. हा पूर्वीपासून असेल तर काही काळजी नाही, मी सही देतो. पण नवीन असेल तर भूल द्यायच्या आधी पुण्याला तपासायला लागेल."

"जुनाच हाय," वन्सं पटकन म्हणाल्या. "दहा वरसं झाली. मला तिथल्या डॉक्टरनं सांगितलेलं. काय घाबरू नको म्हनलेला."

"तुम्ही म्हणता ते खरं असेल बाई. पण भूल देणारा डॉक्टर तोंडचं ऐकत नाही. जुना कार्डिओग्राम दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे."

"हाय की. दादा, काढ."

यांनी पिशवीतून फाइल काढली. इतक्या हळू काढली की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. त्यातून चार कडक पत्रे निघाले. चकचकीत, कोपरे गोल कापलेले. आणि काळे. काळे म्हणजे कसे, तर तव्याचं बूड. त्यावर ना रेघ, ना आकडा, ना तारीख.

डॉक्टरनं एक पत्रा उलटा केला, सुलटा केला. भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर लावला. पलीकडून उजेड सुद्धा येईना.

"काय आहे हे?"

"कार्डिओग्राम," हे म्हणाले.

"लॅमिनेशन केलंत?"

"खराब होऊ नये म्हणून..."

"काका, हा कागद उष्णतेवरच उमटतो. रेघ म्हणजे भाजलेली रेघ असते. तुम्ही सगळाच भाजून आणला."

वन्संनी तो पत्रा हातात घेतला. मला वाटलं आता ओरडतील, रडतील. त्या नुसत्या म्हणाल्या, "दादा, मला इचारायचं तरी."

मशीनवाल्याकडून मला नंतर कळलं. पहिलीच पट्टी आत गेली आणि काळी होऊन आली. तो म्हणाला, साहेब, हे जळतंय. हे म्हणाले, थंड झालं की उजळेल, बाकीच्या पण घाल. आणि न उजळलेले चार पत्रे घेऊन दोन दिवस आमच्याच घरात, आमच्याच शेजारी जेवत-झोपत होते. मी विचारलं, का नाही सांगितलं? तर म्हणाले, "वाटलं, डॉक्टरला दिसेल. त्यांची मशिनं वेगळी असतात." आता या माणसाला काय म्हणायचं? झेरॉक्स का नाही काढली म्हटलं, तर झेरॉक्सची शाई उडते म्हणे.

सोमवारचं ऑपरेशन राहिलं.

मग सुरू झालं फोनचं. श्रीरामपूरला स्टँडजवळ पिवळ्या पाटीचा आयएसडी बूथ होता, तिथं फॅक्सही होता. तिकडचा दवाखाना उघडायचा आमच्या दुपारी, म्हणून आम्ही जेवून निघायचो. वन्सं काचेच्या पेटीत उभ्या राहून इंग्रजीत बोलायच्या आणि मी बाहेरून त्यांचं तोंड बघायची. पहिल्या दिवशी सांगितलं, कार्डिओग्राम मिळेल, पण तुमची सही असलेली मागणी पाहिजे. फोनवर सही कशी करणार? फॅक्सनं सही पाठवली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, फॅक्सवरची सही आम्ही धरत नाही, मूळ कागद पोस्टानं पाठवा. वन्सं म्हणाल्या, अहो, मी स्वतः बोलतेय, माझाच कार्डिओग्राम, माझंच काळीज. तिकडची बाई फार गोड आवाजात म्हणाली म्हणे, की तुमच्या भल्यासाठीच हा नियम आहे. पोस्टाला दहा दिवस.

"इथं माझ्या तोंडाचं खरं न्हाई," वन्सं बूथमधून बाहेर येऊन म्हणाल्या, "अन तिथं माझ्या सहीचं न्हाई. मंग मी हाय कोन?"

आम्ही पत्र टाकलं. मुलीलाही फोन केला, तिथं जाऊन बस म्हणून. आणि वाट बघत बसलो.

त्या वाट बघण्यात घरात जे सुरू झालं, त्याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. "हृदयात अडथळा" एवढे दोन शब्द गल्लीत फुटले. जो तो येऊन बसायचा, आणि वन्संसमोरच, वन्संना सोडून, बाकी सगळ्यांशी बोलायचा. काळजाचं दुखणं लपवून इकडं पाठवली म्हणे तिकडच्यांनी. भुलीतून उठलीच नाही तर मुलीला काय सांगणार? रक्त द्यायचं कबूल केलेले दोघं पुतणे, एकाला अशक्तपणा आला, दुसरा मिरजगावला सासुरवाडीला गेला तो येईचना. थोरले भाऊजी ओसरीवर बसून म्हणाले, "नगो ऑपरेशन. कशाला इषाची परीक्षा? पथ्यपानी करंल, काढा घील." आणि सगळ्यात कहर म्हणजे आमचे हे! ज्यांनी पट्ट्या भाजल्या तेच मान हलवून म्हणाले, "मलाही तसंच वाटतं. जोखीम नको."

मी चहाचा ट्रे तसाच खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींसमोर मोठ्यानं बोलले. "पोट कुणाचं दुखतंय? ज्याचं दुखतंय त्याला विचारलं का कुणी?"

जाऊबाई हळूच म्हणाल्या, "चहा गार हुतोय."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भरदुपारी वन्संना कळ आली. परसात मोरीच्या कठड्याला धरून दोन तास. मी पाठ चोळत होते, गरम पाण्याची पिशवी धरत होते. तेवढ्यात सुद्धा त्या दातावर दात आवळून म्हणाल्या, "वहिनी, काढा आना की. परीक्षा घीऊ इषाची." आणि त्या अवस्थेत आम्ही दोघी हसलो. हसताना त्यांना आणखी दुखलं.

मी म्हटलं, "वन्सं, पुण्याला जाऊन येऊ या. तपासून मोकळं होऊ."

पुण्याचा नंबर लागत होता आठ दिवसांनी. त्या जाईनात. "मी पोटासाठी आले, काळजासाठी न्हाई. मला ठावं हाय ते जुनं हाय. एकदा काळजाच्या डॉक्टरकडं गेलं की हे समदे म्हंत्याल, बघा, आमी सांगत हुतो." मी आग्रह केला नाही. करायला हवा होता का? अजून कळत नाही. सगळा दोष यांच्यावर टाकून मी मोकळी होत नाही, ते या एका दुपारमुळे.

पाचव्या आठवड्यात बूथवाल्यानं निरोप पाठवला, फॅक्स आलाय. आम्ही दोघी धावत गेलो. हेही मागून आलेच. फॅक्सचा तो गुळगुळीत, गुंडाळी होणारा कागद, त्यावर पुसट रेघा, पण खाली डॉक्टरचं टाइप केलेलं पत्र. हा अडथळा दहा वर्षं जुना आहे, बदललेला नाही. मी वन्संना मिठी मारायला हात पुढं केला तर यांनी कागद हातात घेतला आणि उजेडाला धरून म्हणाले, "फारच पातळ कागद आहे. हा टिकायचा नाही."

मी तो कागद त्यांच्या हातातून असा ओढून घेतला की बूथवाला उठून उभा राहिला. "खबरदार," मी म्हटलं. "त्या मशीनच्या गल्लीत पाय टाकलात तर." बूथवाला म्हणाला, "काका, हा पण तसलाच कागद आहे. गरम केला की काळा." हे भिंतीकडे बघायला लागले.

तिथूनच वन्संनी मुलीला फोन लावला, फॅक्स मिळाला सांगायला. या वेळी काचेच्या पेटीतलं तोंड मी विसरणार नाही. बोलता बोलता त्या थांबल्या. मग खूप वेळ नुसतं ऐकत होत्या.

बाहेर आल्या आणि बाकावर बसल्या. "माझा नंबर लागला हुता," म्हणाल्या.

मला कळेना. "कुठला नंबर?"

"तिथला. कुनाचं तरी रद्द झालं, म्हनून मला लवकर बोलावलं. मी हिकडं आले त्याच्या तिसऱ्या आठवड्यात. घराला कुलूप. पत्र दाराच्या आत पडून. पोरगी काल माझ्या घरी गेली तवा सापडलं. मी गेले न्हाई, म्हनून त्यांनी परत खाली टाकलं मला. पयल्यापासून."

आम्ही तिघं त्या बाकावर बसून होतो. एसटीचे भोंगे वाजत होते. हे मध्येच म्हणाले, "बाय, माझं चुकलं." वन्संनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मला तेही आवडलं नाही. निदान दोन शब्द तरी ऐकवायला हवे होते त्यांनी.

फॅक्स घेऊन सर्जनकडे गेलो. त्यानं दिवस मोजले. राहिले होते बारा. "पोट उघडून बाराव्या दिवशी मी तुम्हाला विमानात बसवणार नाही. तिकीट पुढं ढकला, उद्या करतो."

तिकीट ढकललं असतं. पण रजा संपली की शाळेच्या त्या स्वयंपाकघरात हजर नसलं तर दुसरी बाई घेणार, हे तिथल्या मुकादमीणबाईनं आधीच सांगून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, जाऊ द्या ती नोकरी, इथं राहा. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, हितं मी पावनी हाय. बघितलं न्हवं का, पावन्याला कुनी इचारत न्हाई." विचारतात म्हणावं, तर खोटं बोलवेना.

जायच्या दिवशी सगळे जमले. भाऊजींनी काढ्याच्या मुळ्यांची पुडी दिली, जाऊबाईंनी कुरडया दिल्या, तळलेलं खायचं नाही हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. शेजारीण म्हणाली, "बरं झालं, आली तशी धडधाकट चालली." सुयांचा डबा वन्संनी मला दिला. "सीलबंद हाय, कुनाच्या तरी कामाला यील." ते काळे पत्रे यांनी ट्रंकेत ठेवले. टाकवेनात त्यांना. मला तर ते दिसले की अजून डोकं उठतं.

उन्हाळ्यात वन्संचं पत्र आलं. एका दुपारी स्वयंपाकघरातच त्यांना कळ आली, ती थांबेना. अंग पिवळं पडलं, ताप चढला. मग मात्र नंबर लावावा लागत नाही. गाडी आली, घेऊन गेले, त्याच दिवशी पोट उघडलं. एक खडा नळीत अडकून बसला होता. म्हणजे जीवाला धोका नाही म्हणाले होते, तो धोका होईपर्यंत थांबले आणि मग धावले. जुना कार्डिओग्राम त्यांच्याकडं होताच, कुणी काही विचारलं नाही.

आणि शेवटी वन्संनी, शाळेत शिकलेल्या शुद्ध भाषेत, लिहिलं होतं, "वहिनी, आत नेताना मी नर्सला आधीच सांगून ठेवलं, की मी उठताना पाणी पाणी म्हणाले तर ते वेड नाही, त्याचा अर्थ पाणी. तिनं तो शब्द हातावर पेनानं लिहून घेतला. शुद्धीवर आले तेव्हा तिनं काडीला लावलेला ओला स्पंज माझ्या ओठाला लावला. काळी बाई होती, हात फार मऊ. मला वाटलं तुम्हीच."

हे शेजारी उभं राहून वाचत होते. डोळे पुसून म्हणाले, "बघ, बरं झालं ना सगळं शेवटी?"

झालं बरं. जीव वाचला, त्या बाईचं भलं होवो, मी रोज म्हणते. पण ते काम माझं होतं. दुसऱ्या कुणाला देऊ नका म्हणाल्या होत्या वन्सं, आणि मी तुरीच्या शेंगा सोलत हो म्हटलं होतं. नगरच्या त्या दवाखान्यासाठी मी कापसाचं एक नवं बंडल आणून, स्वच्छ फडक्यात बांधून ठेवलं होतं. पुढं त्यातून नातवंडांचे कान पुसले, वाती केल्या नाहीत कारण आपण ते सोडलंय, आणि उरलेला कापूस जाऊबाईंनी उशीत भरायला नेला.